कापसाच्या गोदामातलं मधलं दार

म्हाताऱ्या माणसांत काम करणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. जिनिंगमधून निघालं की लुगड्याला कापूस चिकटलेला असतो ना, तसे ते अंगाला चिकटूनच घरी येतात. किती झटकले तरी चार-दोन राहतात. माझ्याकडं तर ढीग झालाय! शेजारीण म्हणते, "अक्का, लिहून ठिव गं, न्हाई तर तुझ्यासंगंच जातील सगळे." माझं शिक्षण चौथी. पण खोटं सजवायचं असेल तर जास्त शिकावं लागतं. झालं तसं लिहायला चौथी पुरते.

हे सगळे फ्लूच्या सालचे किस्से आहेत. आपला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या साली तो ताप आला. दुनियाभर आला. पेपरवाले म्हणत होते, जहाजातून आला. आमच्या सेलूला कुठलं आलंय जहाज! आमच्याकडं तो रेल्वेनं उतरला.

मी तेव्हा सेलूच्या निराधारगृहात कामाला होते. रझाकारीत आणि नंतरच्या पोलीस ॲक्शनमध्ये ज्यांची घरं गेली, माणसं गेली, अशा म्हाताऱ्यांसाठी एका कापसाच्या व्यापाऱ्यानं आपलं जुनं गोदाम दिलं होतं. त्यांना आम्ही शेटजी म्हणायचो. गोदामात मधोमध भिंत. अलीकडं बाया, पलीकडं बाप्ये. भिंतीत एक दार. ताप आधी बाप्यांकडं शिरला. तो त्या दारातून बायांकडं येऊ द्यायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकीचं जग गेलं खड्ड्यात!

*

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर सायकलीवर आले. खुर्ची दिली, तर बसले नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं: आजारी माणूस वेगळा काढा. बाहेरचं कुणी आत घेऊ नका. तोंडाला कपडा बांधा. ज्याचं त्याचं भांडं वेगळं ठेवा, उकळत्या पाण्यातून काढा. कामाच्या माणसाला ताप आला तर घरी धाडा. आणि एकाला जरी ताप आला तरी त्याच दिवशी मला रिपोर्ट करा.

शेटजी बाजूला बसून सुपारी कातरत होते. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, ही बिमारी जास्त कुणाला बाधते?"

"होते सगळ्यांना. पण म्हातारी माणसं यातून उठत नाहीत."

शेटजींचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हां! म्हणजे म्हाताऱ्यांची बिमारी आहे! मी आपला घाबरलो, हंगाम तोंडावर आलाय, जिनिंगच्या मजुरांना होते की काय!"

डॉक्टरांनी तोंड माझ्याकडं वळवलं आणि सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.

*

वेगळ्या भांड्याचा कायदा मी त्याच दिवशी लागू केला. बाप्यांच्या बाजूला एक माठ आणि एकच पितळी गडू. सगळे त्यालाच तोंड लावायचे. मी गडू उचलून घेतला आणि प्रत्येकापुढं एकेक पेला ठेवला.

काय गोंधळ घातला! दगडूबुवा सगळ्यांचा म्होरक्या. तो म्हणाला, "आमी काय एकमेकाला परके हाव का? एका जातीची, एका पंगतीची माणसं! वेगळं पाणी प्यायचं म्हंजी इज्जत गेली की ओ अक्का!"

कोपऱ्यात हमीदचाचा बसले होते. पूर्वी तहसील कचेरीत पेशकार होते. पोलीस ॲक्शननंतर नोकरी गेली, पोरं हैदराबादेकडं निघून गेली, हे एकटे राहिले. आमच्याकडं आले त्या दिवशीच याच मंडळींनी त्यांचा पेला वेगळा काढून खिडकीत ठेवला होता.

चाचा शांतपणे म्हणाले, "अक्का, मैं तो आया सो दिन से डाक्टर का कायदा पालरा हूँ!"

दगडूबुवानं खाली मान घालून आपला पेला उचलला.

*

तोंडाला कपडा बांधायचा, हे बायांना सांगून सांगून माझा घसा बसला. ऐकतील तर शपथ! सगळ्या एका घोंगडीवर डोक्याला डोकं लावून बसायच्या, एकमेकींच्या तोंडावर खोकायच्या. "आमी बायाच बाया हाव, कामून तोंड झाकायचं?" हे उत्तर.

चार दिवसांनी डॉक्टर तपासायला आले. दारात पाऊल टाकलं आणि थक्क झाले. एकूण एक म्हातारीचा पदर नाकापर्यंत! डोळे तेवढे उघडे!

"वा!" डॉक्टर म्हणाले. "सेलूत एवढी शिस्त मी कुठंच पाहिली नाही. असंच ठेवा."

आता त्यांना कसं सांगू, की परका बाप्या समोर आला म्हणून पदर ओढलाय! ते सायकलीवर बसून गल्लीच्या टोकाला जातात न जातात, तोच सगळे पदर खाली आले. आणि सोनामाय शेजारणीच्या कानाला तोंड लावून म्हणते, "डाक्टर लय चांगला हाय गं. कशापाई आलता?"

मग मी एक युक्ती केली. पाणी शेंदायला आमच्याकडं सखाराम होता. त्याला म्हटलं, काम नसेल तेव्हा ओट्यावर बस, बायांकडं तोंड करून. दारातून लांबच, पण दिसेल असा. दिवसभर पदर खाली आला नाही!

स्वयंपाकीण चंद्रभागा मात्र तयार झाली. पांढरा कपडा धुऊन, वाळवून, नीट तोंडाला बांधला. मी खूश. तेवढ्यात तिला खोकला आला. तिनं कपडा खाली ओढला, वरणावर वाकून पोटभर खोकली आणि कपडा परत वर बांधला.

"चंद्रभागे! काय करायलीस तू?"

"अहो अक्का, धुतलेला हाय. खोकून खराब करू का?"

ते वरण मी ओतून दिलं. त्या दिवशी सगळ्यांनी कोरडी भाकर खाल्ली. शिव्या मला बसल्या, चंद्रभागेला नाही.

*

पेले वेगळे झाले, पण बाप्यांची चिलीम एकच. ती गोल फिरायची. ताप असलेला ओढायचा, नसलेला ओढायचा, परत ताप असलेला. मी दारातून ओरडले, "अरे, मरायला बसलात का सगळे?"

दगडूबुवानं चिलीम वर करून दाखवली. चिलमीच्या बुडाला ओला कपडा गुंडाळतात ना, छापी म्हणतात त्याला, तो दाखवला. "अक्का, डाक्टरचं म्हणणं काय? तोंडाला कपडा बांधा. आमच्या चिलमीनं बांधलाय की!"

सगळे बाप्ये खो खो हसले. हसता हसता खोकले. खोकता खोकता दोघं आडवे झाले. मी आत शिरले, चिलीम हिसकली आणि उंबऱ्यावर आपटून तिचे तुकडे केले. मला रांडमुंड म्हणाले, काय काय म्हणाले. म्हणू देत.

दगडूबुवा त्याच आठवड्यात गेला. शेवटच्या दिवशी बोलणं बंद झालं होतं. तरी मला पाहिलं की दोन बोटं ओठाला लावून मागायचा.

मी दिली नाही.

*

शेटजींनी दगडूबुवाचं मरण दवाखान्यात कळवलं नाही. "कशाला बोभाटा? संस्थेचं नाव खराब होतं. म्हातारा होता, म्हातारपणानं गेला."

दोन दिवसांनी त्याच्या शेजारच्या बाजेवरचा गेला. शेटजी म्हणाले, "वय झालं होतं. म्हातारपणानं गेला."

मग सिंगनापूरचा पाटील गेला. तो शेटजींपेक्षा लहानच असावा. तरी तेच! "म्हातारपणानं."

मी चौकात उभी राहून, चार माणसं ऐकतील असं म्हणाले, "शेटजी, एका आठवड्यात एवढं म्हातारपण आपल्या संस्थेत कधी आलं नव्हतं बघा!"

"अक्का, जीभ आवरा. नोकरी करायची ना?"

मी पदर खोचला आणि त्याच पावली दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सगळं सांगितलं, नावानिशी. ते तसेच उठून आले. शेटजींना काय बोलले ते मी इथं लिहीत नाही, पण शेटजी उभे होते आणि डॉक्टर बसले होते, एवढं सांगते! मग डॉक्टरांनी मधल्या दाराला कुलूप घालायला लावलं आणि मला म्हणाले, "बाई, तिकडचं माणूस इकडं नको, इकडचं तिकडं नको. रडलं तरी नको, पाया पडलं तरी नको. बायांची खोली अजून स्वच्छ आहे. एकदा ताप आत गेला की मी काही करू शकणार नाही."

"तिकडच्यांचं कोण बघंल?"

"ज्यांना ताप येऊन गेलाय ते बघतील."

म्हणजे हमीदचाचा आणि अजून एक-दोघं. ताप येऊन सगळ्यात आधी उठले ते चाचाच. ज्यांनी पेला खिडकीत ठेवला होता, त्यांच्या तोंडात आता चाचा पाणी घालायला लागले. कुणी विचारलं नाही, पेला कुणाचा.

*

एरवी वर्षं-वर्षं फिरकत नाहीत, पण माणूस मरायला टेकलं असं ऐकलं की आपल्याकडं सगळे भेटायला धावतात. तोंड बघून घ्यायचं म्हणून. गावात ताप आहे म्हटल्यावर आमच्या फाटकावर जत्रा सुरू झाली. झरीहून आले, जिंतूरकडून आले. मी फाटकात काठी घेऊन बसले. एकालाही आत सोडलं नाही.

सोनामायचा लेक पालमहून एसटीनं आला. आईला इथं ठेवून गेला होता, त्यानंतर पहिल्यांदा. हातात केळी.

"मला माझ्या मायला भेटायचंय."

"न्हाई भेटता येत. हुकूम हाय."

"तुमी कोण आडवणार? माय माझी हाय!"

"मग इतके दिस कुठं ठिवली व्हती ती माय? खिशात?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "कशी हाय ती? ताप हाय का?"

"ठणठणीत हाय. कालच माझ्यासंगं भांडली."

त्यानं केळी फाटकावर ठेवली. "बरी हाय तर मग जातो मी. चारची गाडी हाय."

केळी घेऊन मी आत गेले. सोनामाय खिडकीला लागून उभी. सगळं ऐकलं होतं तिनं. म्हणाली, "अक्का, तू कामून सांगितलंस बरी हाय म्हणून? ताप हाय म्हणायचं की! उद्या बी आला असता."

*

सखारामचं राहिलंच. तो पाणी शेंदायचा, दोन्ही बाजूंचे रांजण भरायचा. कामाला येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला मी फाटकात हात लावून बघायची. थर्मामीटर एकच होता, तो शेटजींच्या कपाटात, फुटू नये म्हणून!

सखारामचं कपाळ रोज गार. पण डोळे लाल. एक दिवस मला शंका आली. मी लवकर जाऊन आडाच्या मागं उभी राहिले. तर हा गडी बादलीत डोकं बुडवतोय! डोकं बुडवायचं, पुसायचं आणि गार कपाळ घेऊन माझ्यापुढं यायचं.

मी त्याच्या पोटाला हात लावला. तव्यासारखं पोट!

"सखाराम! तू हे घेऊन बायांचे रांजण भरायलास?"

तो रडायला लागला. "अक्का, खाडा केला तर शेटजी दुसरा माणूस लावतो म्हणले."

मी त्याला घरी धाडलं आणि शेटजींकडं गेले. म्हटलं, सखाराम बरा होईपर्यंत घरी राहील, त्याची नोकरी जाणार नाही, हे तुम्ही आत्ता माझ्यापुढं म्हणा.

"आणि पाणी कोण शेंदील?"

"जो त्याला तापात बोलावतो तो!"

मी पोहरा त्यांच्या पुढ्यात ठेवला. दिवाणजी, हमाल, सगळे बघत होते. शेटजींनी पोहऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "सखाराम बरा होऊ दे. नोकरी कुठं जात नाही त्याची."

पाणी मीच शेंदलं. हाताला फोड आले. बायांचे रांजण रिकामे करून, चुन्यानं घासून परत भरले. चार दिवस मी प्रत्येकीच्या कपाळाला हात लावत फिरत होते. झोपलेल्या बायका दचकून उठायच्या, "मेले का मी?" म्हणून विचारायच्या.

मेली नाही कुणी. बायांच्या खोलीत ताप शिरला नाही. हे मी कुणापुढंही छातीवर हात ठेवून सांगेन. बाप्यांकडच्या निम्म्या बाजा रिकाम्या झाल्या, पण बायांकडं एकही जागा रिकामी झाली नाही.

*

आता राजूमावशीचा किस्सा सांगते आणि उठते.

राजूमावशी आणि तिचा नवरा किसनराव, दोघं आमच्याकडंच होते. लेकरूबाळ नाही. रझाकारीत घर जळालं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले होते. संस्थेचा नियम म्हणून ती अलीकडं, तो पलीकडं. पण दुपारी दोघं मधल्या दाराच्या उंबऱ्याशी येऊन बसायची, ती या अंगाला, तो त्या अंगाला. बोलायची काही नाहीत. त्याला दात नव्हते, ती त्याला सुपारी कुटून द्यायची. तो खायचा. झाला संसार.

किसनरावला ताप आला तेव्हा दाराला कुलूप पडलं होतं. राजूमावशी तरी दुपारी तिथंच बसायची. पहिल्या दिवशी तिनं दाराला तोंड लावून हाक मारली, "अहो! ऐकलं का?"

पलीकडून चार बाप्ये एकदम ओरडले, "ऐकलं!"

बाया हसल्या, मावशी लाजली, मी बाप्यांना झापलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. "अहो!" म्हटलं की सगळ्यांची ओ! तेवढीच त्यांची करमणूक.

मग ओ देणारे कमी होत गेले.

एका सकाळी डॉक्टर पलीकडून तपासून आले. हात धुताना मला म्हणाले, "किसनरावांचं आजच्या दिवसाचं आहे." राजूमावशी मागंच उभी होती.

डॉक्टर गेल्यावर ती माझ्यापाशी आली. "अक्का, दार उघड."

"न्हाई मावशी."

"लांबून बघते. हात लावत न्हाई."

"न्हाई."

"मी मेले तर मेले! मला कोण रडणार हाय?"

"तू एकटी मरशील का? ह्या सगळ्या तुझ्या घोंगडीवर झोपतात, मावशी."

ती घोंगडीकडं बघत राहिली. सगळ्या बाया माना खाली घालून बसल्या होत्या. एकीनंही म्हटलं नाही की उघड, एकीनंही म्हटलं नाही की उघडू नको. मावशी जाऊन दारापाशी बसली.

दुपार झाली. "अहो," तिनं हाक मारली. "अहो, ऐकायलात का?"

पलीकडं कुणी ओ दिली नाही. ओरडणारे उरलेच नव्हते.

"अहो! मी हाय!"

दारापलीकडून हमीदचाचांचा आवाज आला. "भाबी, वो बुखार में हैं. 'अहो' बोले तो उनकू समझताच नहीं. नाम लेके पुकारो."

अलीकडच्या बाया चपापल्या. नाव! सोनामायनं तोंडाला हात लावला. राजूमावशीनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. दुकानदाराला सांगायचं तर बोटानं देवळातला किसनदेव दाखवायची. संस्थेत नाव लिहून घेताना सुद्धा तिनं मला खुणेनंच सांगितलं होतं.

तिनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला. कपाळ दाराला टेकवलं. दोन्ही हातांनी चौकट धरली.

"किसनराव!"

एवढा मोठा आवाज त्या बाईच्या अंगात असेल असं आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं. वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

पलीकडं बाज करकरली. जरा वेळानं किसनरावचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"कोण हाय? कोण बाई हाक मारायली मला?"

राजूमावशीनं वळून माझ्याकडं पाहिलं. मग परत दाराच्या फटीला तोंड लावलं.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "निजा तुमी."